अक्षरपट्टी (मोबाइल व वेब ॲप)

वर्णक्रमाने लावलेल्या लांबलचक यादीच्या कडेला अक्षरांची जी उभी पट्टी असते, तिला अक्षरपट्टी किंवा इंडेक्स बार म्हणतात. अक्षरावर बोट टेकवले की यादी तिथे पोचते. बोट न उचलता वर-खाली फिरवले की यादीही सोबत पळते. जाड शब्दकोशाच्या कडेला अंगठ्यासाठी पाडलेल्या खाचांचेच हे पडद्यावरचे रूप. २००७ च्या पहिल्या आयफोनवर संपर्क यादीत ती होती. विंडोज फोनने वेगळी वाट धरली: विभागाच्या अक्षरावर टिचकी मारली की सगळी अक्षरे चौकटींत मांडून दाखवायची.

पट्टी काढणे हा यातला सर्वांत सोपा भाग. अडते ते दोन ठिकाणी: क्रमवारीत आणि बोटाखाली.

क्रमवारी आणि विभाग

आधी यादी लावायची, मग प्रत्येक अक्षराची पहिली नोंद कितव्या क्रमांकावर येते याचा तक्ता करायचा. युनिकोडच्या संकेतांकांवरून (संगणक प्रत्येक अक्षराला देतो त्या क्रमांकांवरून) यादी लावली तर मराठीत ती हमखास बिघडते. ‘ळ’चा संकेतांक ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधला आहे, त्यामुळे ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात. वर्णमालेप्रमाणे ‘ळ’ ‘ह’नंतरचा, म्हणजे क्रम उलटा हवा. ‘ॲ’ तर ‘ह’च्याही पुढे आहे, म्हणून ‘ॲप’ हा शब्द ‘हळद’च्या खाली जाऊन बसतो. त्यातही काही कळफलक हेच अक्षर ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र असे तीन तुकड्यांत लिहितात, तेव्हा तोच शब्द वर ‘अ’मध्ये सापडतो. दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घ्यावीत. क्रमासाठी वेबवर जावास्क्रिप्टच्या ‘इंट्ल कोलेटर’ या क्रम लावणाऱ्या सोयीला ‘एमआर’ (मराठी) ही भाषा सांगावी. अँड्रॉइड ७ पासून आयसीयू या युनिकोडच्या कोडसंग्रहातला ‘अल्फाबेटिक इंडेक्स’ हाताशी आहे, तर आयओएसवर ‘यूआयलोकलाइज्ड इंडेक्स्ड कोलेशन’.

विभागाचे अक्षर काढताना नावाच्या आधीची मोकळी जागा छाटावी; अंक आणि इमोजी ‘#’खाली टाकावेत. इंग्रजीतला ‘दिसणारे पहिले अक्षर घ्या’ हा सल्ला इथे अंगाशी येतो: ‘कि’, ‘कु’, ‘के’ असे वेगवेगळे विभाग पडतात. मात्रा सोडून नुसते पहिले व्यंजन घ्यावे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवावेत की ‘क’ आणि ‘ज’मध्ये, हे आपण ठरवावे, पण क्रमवारी व विभाग या दोघांनी एकच पद्धत पाळली पाहिजे. नाहीतर पट्टीवर ‘क’ एक आणि यादीत ‘क’चे विभाग दोन, असा घोळ होतो.

जागा आणि बोट

६६७ पॉइंट (आयफोनवर मांडणी मोजायचे एकक) उंचीच्या पडद्यावर वरखालचे बार वजा जाता साधारण ५४० पॉइंट उरतात. इंग्रजीची २६ अक्षरे आणि ‘#’ मिळून २७, म्हणजे प्रत्येकाला २० पॉइंट. बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपलची शिफारस ४४ पॉइंटांची आहे, अँड्रॉइडची ४८ डीपीची (डीपी हे तिथले तसेच एकक). पट्टी हा नियम मोडूनच जगते. त्याची भरपाई म्हणून बोटाच्या डावीकडे मोठ्या फुग्यात चालू अक्षर दाखवावे, कारण खरे अक्षर बोटाखाली झाकलेले असते. देवनागरीत अक्षरे अधिक, पण ‘ङ’, ‘ञ’, ‘ण’, ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, ती बेलाशक गाळावीत. आडव्या फोनवर जागा निम्मी होते. आयओएस अशा वेळी मधली अक्षरे गाळून ठिपके दाखवते.

वेबवर नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळा श्रोता (स्पर्श टिपणारा कोड, ‘लिसनर’) जोडणे. टिचकी चालते, ओढणे चालत नाही, कारण स्पर्श जिथे सुरू झाला त्याच घटकाकडे पुढच्या सगळ्या हालचाली जातात. संपूर्ण पट्टीला एकच श्रोता द्यावा आणि अक्षर गणिताने काढावे: पट्टीच्या माथ्यापासूनचे अंतर भागिले एका अक्षराची उंची, अपूर्णांक सोडून. बोट १३० वर असेल तर १३० ÷ २० = ६.५, म्हणजे ६. शून्यापासून मोजता ‘जी’. बोट पट्टीबाहेर गेले तर उत्तर पहिल्या-शेवटच्या अक्षरावर अडवावे. पट्टीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) ‘टच-ॲक्शन: नन’ नसेल तर मागचे पानच सरकू लागते. अक्षर बदलले तरच यादी हलवावी, आणि तीही झटक्यात. ‘स्मूथ’ सरकवणे ओढताना बोटाच्या मागे रेंगाळते. वर चिकटलेला मथळा पहिली नोंद झाकत असेल तर विभागाला ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ द्यावे.

हजारो नोंदींच्या यादीत फक्त दिसणाऱ्या ओळीच तयार झालेल्या असतात, म्हणून घटक शोधत बसण्याऐवजी तक्त्यातल्या क्रमांकावर उडी मारावी. मोबाइल ॲप बनवायच्या रिॲक्ट नेटिव्ह या साधनातल्या ‘फ्लॅटलिस्ट’ या यादीला त्यासाठी ‘गेटआयटमलेआउट’मधून ओळींच्या उंची आधीच सांगाव्या लागतात, नाहीतर दूरची उडी फसते. अँड्रॉइडच्या ‘लिस्टव्ह्यू’ या जुन्या यादीत जलद-सरक (फास्ट स्क्रोल) सुरू करून ‘सेक्शनइंडेक्सर’ जोडला की अक्षराचा फुगा आयता मिळे. त्यानंतरच्या ‘रीसायकलरव्ह्यू’ची जलद-सरक नुसती ओढायची मूठ देते, फुगा आपण काढायचा.

ज्या अक्षराची नोंदच नाही ते फिके करावे, पण त्यावर बोट आले तर पुढच्या विभागात न्यावे. यादी थिजलेली दिसली की लोकांना ॲप अडकल्यासारखे वाटते. पडदावाचकासाठी (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी) २७ बटणे लावू नयेत. पूर्ण पट्टी म्हणजे एक ‘स्लायडर’ करावा आणि चालू अक्षर त्याचे मूल्य म्हणून वाचून दाखवावे. उर्दू-अरबीत पट्टी डाव्या कडेला जाते. तारखेने लावलेल्या किंवा जेमतेम दोन-तीन पडदे भरणाऱ्या यादीला ती लावूच नये.