राणीचा ‘1850चा फोटो’ आणि पोशाखाचा पुरावा

झाशीच्या राणीचा ‘एकमेव अस्सल फोटो’ अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. खालची ओळ ठरलेली: 1850 मध्ये हॉफमन नावाच्या गोऱ्या छायाचित्रकाराने काढलेला. पुरावा काय, तर दागिने आणि राजेशाही पोशाख!

कोलकात्याची ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ ही छायाचित्रणाची नामांकित पेढी 1880च्या दशकात सुरू झालेली. राणी लक्ष्मीबाई जून 1858 मध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. म्हणजे हॉफमन खरा धरला तर फोटोतली बाई राणी नव्हे, आणि राणी धरली तर हॉफमन कटला. दोघांना एकत्र बसवता येत नाही. 1850 साली हिंदुस्थानात कॅमेराच नव्हता, असं मात्र म्हणू नका. तो 1840च्या दशकातच आला होता.

मुळात घोळ पोशाखाचा; त्यावरून फोटोचा काळ ठरत नाही. आपल्याकडे पणजीने नेसलेली नऊवारी आजीनेही नेसली, आणि गावाकडे कित्येकींनी 1980 नंतरही सोडली नाही. जरीचा शेला, नथ, ठुशी तर पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच. पुरुषांच्या फोटोतला कोट आणि काठी अनेकदा स्टुडिओवाल्याचीच असायची.

म्हणून काळ ठरवताना चौकटीतली सर्वांत जुनी नव्हे, सर्वांत नवी वस्तू शोधा. पुरुषाच्या मनगटावर घड्याळ असेल तर फोटो बहुधा पहिल्या महायुद्धानंतरचा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो असेल तर आधी उलटा करा. मागे स्टुडिओचा पत्ता असतो, कधी प्रदर्शनातली पदकं सालासकट छापलेली असतात. फोटो त्या सालाआधीचा असूच शकत नाही. अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोला मागची बाजू नसतेच.