विद्युत गोंगाट, लहान विमानांतील

विमानाच्या स्वतःच्याच विद्युत यंत्रणेतून वैमानिकाच्या हेडसेटमध्ये शिरणारा नकोसा आवाज. सेसना १७२ किंवा पायपर चेरोकीसारख्या धातूच्या विमानांत विजेचा परतीचा मार्ग म्हणून बहुधा ॲल्युमिनियमचा सांगाडाच वापरतात. अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीजजनित्र), दिवे आणि रेडिओ यांचे प्रवाह त्याच पत्र्यातून परततात आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. त्यात भर म्हणजे विमानांचा व्हीएचएफ संवाद (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ) आजही एएम पद्धतीने, म्हणजे लहरीची उंची कमी-जास्त करून, चालतो आणि ठिणग्यांची खरखर एएम रेडिओ सहज उचलतो.

दोष शोधताना हत्यारांआधी कान वापरावेत. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी अल्टरनेटरची असते. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल, तर त्याच्या एसी विजेची डीसी करणाऱ्या सहा डायोडांमधून बाहेर पडणाऱ्या विजेत सुमारे ३,६०० हर्ट्झची लहर उरते. एखादा डायोड उघडा पडला की त्याहून खालचे सूरही मिसळतात आणि शिट्टी एकदम जाड होते. बॅटरी मात्र चार्ज होतच राहते, म्हणून हा बिघाड अनेक दिवस लपून राहू शकतो. जमिनीवर इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा स्विच क्षणभर बंद केल्यावर शिट्टी थांबली, तर संशयित सापडला. वेगाबरोबर दाट होणारी चटचट मॅग्नेटोची, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या जनित्राची असते; इंजिनाला डावा आणि उजवा असे दोन मॅग्नेटो असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला २,४०० फेऱ्यांना प्रत्येक मॅग्नेटो सेकंदाला ८० ठिणग्या देतो. किल्ली ‘डाव्या’वर नेल्यावर चटचट गेली, तर दोष उजव्या मॅग्नेटोच्या बाजूला असतो, कारण त्या वेळी बंद झालेला तोच. बऱ्याचदा त्याच्या पी-लीडचे, म्हणजे मॅग्नेटो बंद करण्यासाठी किल्लीच्या स्विचपर्यंत येणाऱ्या तारेचे, शिल्डिंग (बाहेरचे धातूचे आवरण) तुटलेले निघते. ही तार सुटी केली की मॅग्नेटो जिवंत होतो आणि हाताने पंखा हलवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. इथे हयगय चालत नाही. सेकंदा-सेकंदाला चढत जाऊन तुटणारी ‘टुईं’ स्ट्रोब दिव्याच्या (थांबून थांबून लखलखणाऱ्या) चार्ज होणाऱ्या कपॅसिटरची.

उगम कळला, तरी वाट शोधायची उरतेच. रेडिओचा व्हॉल्यूम कमी करूनही आवाज तेवढाच राहिला, तर तो व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे ऑडिओ पॅनेल (कोणता आवाज हेडसेटमध्ये जावा हे निवडणारे), इंटरकॉम किंवा जॅकच्या वायरिंगमध्ये शिरतो आहे. अँटेनाची केबल काढल्यावर थांबला, तर तो हवेतून येतो. न थांबल्यास तारांमधून.

सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार ठरतो तो हेडसेटचा जॅक. धातूच्या पॅनेलवर तो बसवताना मध्ये फायबरचे किंवा नायलॉनचे वॉशर घालतात, म्हणजे त्याची बाहेरची बाजू सांगाड्याला टेकत नाही. ऑडिओचे ग्राउंड एकाच ठिकाणी, ऑडिओ पॅनेलपाशी, जोडलेले हवे. वॉशरला चीर गेली की सांगाड्यातल्या मोठ्या प्रवाहामुळे उद्भवणारे काही मिलिव्होल्ट थेट कानात येतात. जॅकची ऑडिओ वायर सुटी करून मल्टिमीटर जोडणी तपासण्याच्या (बीप देणाऱ्या) स्थितीत जॅक आणि पॅनेलमध्ये लावावा. तो वाजला, तर निदान झाले. माइकची वाटही तितकीच नाजूक: कार्बन माइकच्या काळापासून तिच्यावर काही व्होल्ट डीसी दिले जाते आणि त्या पुरवठ्यातला मळ माइकच्या आवाजात मिसळतो. तो प्रक्षेपणातही जातो, म्हणून तक्रार कधी कधी वैमानिकाऐवजी टॉवर करतो.

तक्रार आली की लगेच पुरवठ्यावर फिल्टर ठोकून देण्याची सवय अनेकांना असते. सैल अर्थिंग, गंजलेली बाँडिंग पट्टी (धातूचे दोन भाग विजेने जोडणारी) किंवा मोडका डायोड यांवर तो उपाय नव्हे. त्याने लक्षण तेवढे दबते. संमिश्र पदार्थांच्या (उदा. फायबरग्लासच्या) विमानात तर सांगाडा विजेचा परतीचा मार्ग म्हणून वापरता येत नाही, तिथे प्रत्येक उपकरणाच्या ग्राउंडची तार वेगळी शोधावी लागते.

अलीकडे यूएसबी चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे यांची भर पडली आहे. त्यांच्या आतले स्विचिंग सर्किट व्हीएचएफ पट्ट्यातच गोंगाट सोडते आणि स्क्वेल्च (संदेश नसताना रेडिओ गप्प ठेवणारे सर्किट) विनाकारण उघडतो. म्हणून पॅनेल उघडण्याआधी चार्जर काढून पाहावा.