सोन्याच्या डोंगराच्या बायका

अमेरिकेतल्या जुन्या चिनी वस्त्यांना इतिहासात 'ब्रह्मचाऱ्यांचा समाज' म्हटलं जातं. हे नाव मला खटकतं. त्यातल्या कितीतरी पुरुषांची लग्नं झालेली होती. बायका फक्त समुद्रापलीकडे, सासरी होत्या.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून, विशेषतः तैशान भागातून, तरुण निघाले. अमेरिकेला ते 'गम सान' म्हणत, म्हणजे सोन्याचा डोंगर. निघण्यापूर्वी मुलाचं लग्न उरकायचं आणि सून घरात ठेवायची. म्हणजे पैसे येत राहतील आणि मुलगाही कधीतरी परतेल, असा घरच्यांचा हिशोब. नवरा परदेशातच असला तर काही ठिकाणी त्याच्या जागी कोंबडा उभा करून लग्न लावत. अशा बाईला 'गम सान पो' म्हणत, सोन्याच्या डोंगराची बायको. सासू-सासरे, मुलं, घर यांचं सगळं तिच्याकडे. नवरा मात्र आयुष्यात दोन-तीनदा भेटायचा.

पण सगळा दोष रीतीवर ढकलणं अन्यायाचं होईल. अमेरिकेच्या १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना बंदी घातली, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात चीनहून निघालेल्या बाईला जहाजात चढण्याआधीच हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीत आपलं चारित्र्य सिद्ध करावं लागे. हा अपमान नको म्हणून किती जणी गेल्याच नसतील! १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी आली, आणि मजुराची बायकोही मजुरातच धरली गेली. व्यापाऱ्याला मात्र बायको आणता येई. संसार करणं ही अशी पैसेवाल्यांची गोष्ट झाली. १८९० मध्ये अमेरिकेत एका चिनी बाईमागे सुमारे २७ चिनी पुरुष होते. तिथल्या गोऱ्या मुलीशी लग्न करावं, तर कॅलिफोर्नियात तेही १९४८ पर्यंत बेकायदा.

गावी ज्यांनी कधी धुणं-भांडं केलं नव्हतं, ते पुरुष इथे लाँड्री आणि खाणावळी चालवू लागले, कारण इतर कामांची दारं बंद होत गेली होती.

१९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जन्मनोंदी जळाल्या. आपला जन्म इथलाच, म्हणजे आपण नागरिकच, असं अनेकांनी सांगितलं. नागरिकाच्या मुलांना प्रवेश मिळे. मग गावाहून परतताना 'मुलगा झाला' अशी नोंद करायची आणि ती जागा दुसऱ्याला विकायची. हे 'कागदी मुलगे'. मुलींची नोंद क्वचितच होई. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर, जिथे येणाऱ्यांची तपासणी होई, अधिकारी विचारत: घराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कुठे ठेवता? कागदी मुलगे उत्तरं पाठ करून येत. काहींच्या थडग्यांवर आजही दोन नावं आहेत, इंग्रजीत कागदी आणि चिनी लिपीत खरं.

१९४३ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांनाच प्रवेश होता. महायुद्धानंतर सैनिकांच्या बायकांसाठी वाट मोकळी झाली. काही जोडपी कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच एका छपराखाली राहू लागली. हे सोपं नसणारच. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं आली. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये बायका शिवणकामाच्या कारखान्यांत लागल्या, नवरे रेस्टॉरंटांत. घराची मदार बायकांच्या पगारावरही होती, कारण आरोग्यविमा बहुधा त्यांच्याच युनियनमधून मिळे. १९८२ च्या उन्हाळ्यात मालकांनी करार नाकारला, तेव्हा सुमारे २०,००० कामगार रस्त्यावर उतरले. त्यांत बहुसंख्य चिनी बायका होत्या.