व्हाइसचा प्ले की जॉची उचल?

मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापताना, जॉब (कापायचा तुकडा) काटकोनात निघेना, की पहिला संशय तो पकडणाऱ्या व्हाइसवर जातो. कुणीतरी हँडल पुढेमागे हलवून बघतं. हँडल थोडं फिरतं, पण व्हाइसचा जबडा, म्हणजे जॉ, जागचा हलत नाही. लगेच निकाल लागतो: "आटे गेले, नट बदला." नवा नट बसतो, पैसे जातात आणि जॉब पूर्वीइतकाच वाकडा निघतो.

हा प्ले किंवा बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमधली मोकळी फट, नव्या व्हाइसमध्येही असतेच. स्क्रूचा आटा नटाच्या खाचेत अगदी गच्च बसवला तर तेलाला जागा उरणार नाही आणि स्क्रू फिरणारच नाही. पुढे झिजेने ही फट वाढते. 5 मिमी पिचच्या (एका फेरीत 5 मिमी सरकणाऱ्या) स्क्रूत 0.25 मिमी फट असेल, तर दिशा बदलताना हँडल 18 अंश नुसतंच फिरतं. हाताला ते फार जाणवतं. पण व्हाइस आवळताना जोर एकाच दिशेने लागतो. आट्याची एक बाजू नटाला टेकते आणि सगळी फट दुसऱ्या बाजूला जाते, जिथे काही कामच चाललेलं नसतं. शिवाय माप आपण फिक्स, म्हणजे न हलणाऱ्या जॉपासून धरतो. हलता जॉ नेमका कुठे थांबला, याला महत्त्व नाही.

उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आठवा. चढावर हुकातली पिन एकाच बाजूला ताणलेली असते, सैलपणा कळतही नाही. उतारावर ट्रॉली पुढे रेटते आणि हिसका बसतो. व्हाइस कायम चढावरच असतो. उतार लागतो तो मशीनच्या टेबलाला. क्लाइंब मिलिंगमध्ये कटर टेबलाला त्याच्या सरकण्याच्याच दिशेने ओढतो. दर दाताला 0.1 मिमी कापायचं ठरवलंय आणि टेबल 0.25 मिमीची फट ओलांडून पुढे झेपावलं, तर एका दाताच्या वाट्याला एकदम 0.35 मिमी येतं. कटर तुटतो तो असा. टेबलाचा प्ले म्हणूनच गांभीर्याने घ्यावा.

मग व्हाइसमध्ये बिघडतं काय? हलता जॉ उचलला जातो. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. स्क्रू जॉला खालून पुढे ढकलतो, जॉब त्याला वरून मागे रेटतो. दोन्ही बलं सारखी, पण एका रेषेत नाहीत. शाळेत शिकलेलं बलयुग्म ते हेच. समजा जोर 10 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास एक टन, आणि दोन रेषांमधलं अंतर 30 मिमी. आघूर्ण झालं 300 न्यूटन-मीटर. जॉची बैठक 100 मिमी लांब असेल, तर त्याचं पुढचं टोक 3 किलोन्यूटनने वर उठू पाहतं. जॉला बेडवर (व्हाइसच्या तळावर) धरून ठेवणाऱ्या खालच्या पट्टीत 0.05 मिमी फट असली की तेवढं ते उठतंच, आणि 50 मिमी उंचीवर जॉ 0.025 मिमी मागे कलतो. जॉबची एक कड त्याच्याबरोबर वर येते आणि खाली आधाराला ठेवलेली समांतर पट्टी (पॅरलल) बोटाने हलू लागते.

यावर कर्ट या अमेरिकी कंपनीच्या अँगलॉक व्हाइसने काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. तिथे नट जॉला सरळ ढकलत नाही. नटाला तिरपी बाजू असते, तिच्यावर अर्धगोलाची सपाट बाजू टेकते आणि गोल बाजू जॉच्या खोबणीत बसते. तिरप्या पृष्ठावरचं बल पृष्ठाला लंब असतं, म्हणून त्याचा एक घटक पुढे जातो आणि दुसरा खाली. ही बाजू उभ्या रेषेपासून θ कोनात तिरपी असेल आणि घर्षण सोडून दिलं, तर खालचा घटक पुढच्या घटकाच्या tan θ पट. θ सुमारे 26.6 अंश घेतला की 10 किलोन्यूटन पुढे लावताना 5 किलोन्यूटन खाली मिळतात. जितकं जास्त आवळाल, तितका जॉ बेडवर जास्त दाबला जातो. अर्धगोल थोडा वळू शकतो, त्यामुळे बारीकसारीक तिरपेपणाही त्यात सामावतो.

जाहिरातीत "झिरो बॅकलॅश व्हाइस" वाचून भुलू नका. विकणाऱ्याला जॉ किती उचलतो ते विचारा. रिजेक्शन वाढलं म्हणून मशीनला लिंबू-मिरची बांधणारेही मी पाहिलेत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा जरूर करा, ती कामाविषयीची कृतज्ञता आहे. पण दृष्ट लागल्याने जॉ वर येत नाही, आणि ते डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापयंत्र) लावून दोन मिनिटांत बघता येतं. डायलची सुई हलत्या जॉच्या माथ्यावर, जॉबकडच्या कडेला टेकवा आणि व्हाइस आवळा. काटा सरकला तेवढी उचल.

उपाय साधे आहेत. आधी बेड आणि जॉखालची जागा बुरादा काढून पुसा, मग खालच्या पट्टीची फट कमी करा. तेवढ्यावर भागलं नाही तर हलता जॉ आणि जॉब यांच्यामध्ये, पकडलेल्या उंचीच्या साधारण मध्यावर, एक गोल सळई आडवी धरा. सळई एका रेषेवरच टेकते, त्यामुळे कललेला जॉ जॉबला आपल्याबरोबर वाकवू शकत नाही आणि जॉब फिक्स जॉला सपाट चिकटतो. शेवटी नरम हातोडीने वरून हलके ठोके द्या.

सेल्फ-सेंटरिंग व्हाइसला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे एकाच स्क्रूवर डावे आणि उजवे आटे असतात, दोन्ही जॉ हलतात आणि माप मध्यरेषेपासून धरलं जातं. स्क्रूला मधोमध धरून ठेवणाऱ्या आधारातच प्ले आला तर मध्यरेषाच सरकते. अशा व्हाइसमध्ये प्ले काढायलाच हवा.