एकच काटा की शेताशेतात काटा: सीसीडी आणि सीमॉसची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीत कॅमेरा दुरुस्तीचं एक ओळखीचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मी तिथं बसलो असताना कॉलेजचा एक पोरगा आला. काउंटरवरच्या ट्रेमधला खिशात मावणारा चंदेरी कॅमेरा त्यानं उचलला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काका, ह्यात सीसीडीच हाय न्हवं?" सीसीडी हा जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. मेगापिक्सल विचारले नाहीत, झूम विचारला नाही. दहा वर्षांपूर्वी असले कॅमेरे एक्सचेंजमध्येसुद्धा कुणी घेत नव्हतं. आता 'सीसीडीचे रंग फिल्मसारखे येतात' अशी हवा आहे. दुकानात उभ्या उभ्या त्याला जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहितो.

फिल्मच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच गावात स्वतः सिनेकॅमेरा घडवला, पण त्यात घालायची कच्ची फिल्म बाहेरूनच यायची. कॅमेरा एक वस्तू, फिल्म दुसरी. लग्नाला एक रोल, खासबाग मैदानातल्या संध्याकाळच्या कुस्तीला जास्त स्पीडचा दुसरा. डिजिटल आलं आणि फिल्म कॅमेऱ्याच्या पोटात कायमची बसली. बॉडी घेतली की पुढची पाच-सात वर्षं तोच 'रोल'. म्हणून आत कोणता सेन्सर आहे याला एवढं महत्त्व आलं.

सीसीडी म्हणजे चार्ज-कपल्ड डिव्हाइस. ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत त्याचा आराखडा फळ्यावर मांडला. त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा माहिती साठवणारी चिप होती. पण सिलिकॉनवर प्रकाश पडला की विद्युतभार तयार होतो, आणि तो भार एका खणातून दुसऱ्या खणात सरकवता येत असेल तर चित्रही वाचता येईल, हे लगेच लक्षात आलं. २००९ साली दोघांना नोबेल मिळालं. दरम्यान १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १०० बाय १०० पिक्सलची सीसीडी वापरून पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत.

सीसीडी आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो सीमॉस सेन्सर यांच्यात नेमका फरक काय, हे समजायला कोल्हापूरकरांना लांब जायला नको. हंगामातला साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सल म्हणजे एक शेत. पडलेल्या प्रकाशाइतका ऊस, म्हणजे विद्युतभार, त्यात उभा राहतो. पिकवण्यात दोन्हींचा फारसा फरक नाही, दोन्हीकडे सिलिकॉनच आहे. फरक वजन कुठं होतं यात आहे.

सीसीडीत सगळ्या शेतांतला ऊस गाड्यांच्या रांगेनं एकाच काट्यावर येतो. ओळ पुढं सरकते, पहिली गाडी काट्यावर चढते, मग दुसरी, मग तिसरी. काटा एकच असल्यामुळं सगळ्यांना माप एकच. म्हणूनच सीसीडीचं चित्र सुरुवातीपासून एकसारखं, स्वच्छ यायचं. पण रांग लांब, वेळ जास्त, आणि गाड्या हलवत ठेवायला वीजही बरीच लागते. जुन्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या भराभर उतरायच्या, त्याचं एक कारण हे.

सीमॉसमध्ये प्रत्येक शेताच्या बांधावर स्वतःचा छोटा काटा. वाहतूक कमी, काम झटपट. पण लाखो काटे म्हणजे प्रत्येकाच्या मापात थोडा फरक, आणि तोच फरक चित्रात ठरावीक जागी ठिपके आणि रेघा होऊन उमटतो. शिवाय काट्यानं शेतातली जागा अडवली, तेवढा ऊस, म्हणजे तेवढा प्रकाश कमी. ऊस घालणाऱ्या माणसाला काट्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला जाणकारांनी सीसीडीलाच पसंती दिली, ती याच कारणांनी.

उलथापालथ घडवली ती नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या एरिक फॉसम यांनी. अंतराळयानात बसतील असे लहान, कमी विजेवर चालणारे कॅमेरे त्यांना हवे होते. पिक्सलमध्ये ॲम्प्लिफायर, म्हणजे आपला छोटा काटा, बसवायचा आणि प्रत्येक काट्याचं रिकामं वजन आधी मोजून ते नंतर वजा करायचं, ही पद्धत त्यांच्या चमूनं सीमॉसवर पक्की केली. सीसीडी आता डायनोसॉर ठरणार का, असा प्रश्न त्यांनी १९९३ मध्ये आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला. माझ्या मते सीमॉस जिंकला तो आधी सुंदर फोटोमुळं नाही. संगणकाच्या चिप ज्या पद्धतीनं बनतात, जवळपास त्याच पद्धतीनं तो बनवता येत होता, म्हणून जिंकला. स्वस्त झाला म्हणून त्यावर पैसा लागला, आणि पैसा लागला म्हणून चित्र सुधारलं.

आमच्या धंद्यात हा बदल उशिरा आणि एकदम आला. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या तोंडी तेव्हा एकच शब्द असायचा, 'थ्री सीसीडी'. सोनीच्या पीडी १७० मध्ये लोलकानं प्रकाश तीन रंगांत फोडून तीन वेगळ्या सीसीडींवर टाकलेला असे. वरातीतला हॅलोजन फ्रेममध्ये आला की दिव्याच्या वर आणि खाली पांढरी उभी रेघ ओढली जायची. भार पुढं सरकताना सांडायचा त्याची ती खूण. जुन्या कॅसेटी काढून बघा, नवरदेवाच्या डोक्यावरून गेलेली ती रेघ अजून दिसेल.

फोटोच्या कॅमेऱ्यांत निकॉन डी१ (१९९९) सीसीडीवर होता. पुढच्याच वर्षी कॅननचा डी३० सीमॉस घेऊन आला. मी २००४ चा निकॉन डी७० बरीच वर्षं वापरला, सहा मेगापिक्सल, सीसीडी. खासबागेत दिवे लागल्यावर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० ला नेली की फोटो फुटायचा. तांबड्या मातीत पाठ टेकलेल्या पैलवानाच्या अंगावरची माती कुठली आणि फोटोतले दाणे, म्हणजे नॉइज, कुठला, ओळखता यायचं नाही. पण त्याच कॅमेऱ्याची एक गोष्ट मी अजून विसरलो नाही. सीसीडी सगळा भार एका क्षणात बाजूला घेत असल्यामुळं फ्लॅश एक पाचशेच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या, शटरलाही चालायचा. भर दुपारच्या मुहूर्तात, डोक्यावर ऊन असताना, मुंडावळ्यांच्या सावलीतला चेहरा उजळून निघायचा. नंतरच्या बहुतेक सीमॉस बॉडी एक दोनशे ते एक अडीचशेवर अडल्या. सीसीडीची आठवण काढायचीच तर मी याच्यासाठी काढतो.

२००७ मध्ये निकॉनचा डी३ आला. बारा मेगापिक्सल, ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम सीमॉस. एका मित्राचा कॅमेरा मागून मी त्याच मैदानात आयएसओ ६४०० लावलं आणि पडद्यावर मातीचा कण न् कण दिसला. त्या संध्याकाळी माझ्यापुरता वाद मिटला. त्यात आकाराचाही मोठा वाटा होता. त्या पोराच्या हातातल्या कॅमेऱ्यासारख्यांत साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा सेन्सर असतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या पस्तीसपट भरतं. प्रकार कोणता, यापेक्षा शेत केवढं, हे आधी विचारावं असं मला तेव्हापासून वाटतं.

मग रंगांचं काय? सीसीडी असो वा सीमॉस, सिलिकॉनला रंग कळतच नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत पिक्सलवर कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची जाळी असते, तिचं पेटंट १९७६ चं. चार पिक्सलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. रंग ठरतो तो या जाळीच्या रंगद्रव्यांवर आणि कॅमेरा जेपीईजी कसा शिजवतो यावर. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हे पुरेपूर कळतं. गुलालात न्हालेल्या माणसाचा फोटो मागच्या स्क्रीनवर झकास दिसतो. घरी मोठा करून बघावं तर गालाची घडी नाही, कपाळाची आठी नाही, नुसता गुलाबी थर. लाल चॅनेल आधीच भरून गेलेला असतो. त्यामुळं डोंगरावर मी एक्सपोजर मुद्दाम पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा काळसर, ठेवतो आणि हिस्टोग्राममधला, म्हणजे उजेडाच्या आलेखातला, लाल आलेख बघतो. हे मला सीसीडीवरही करावं लागलं आणि सीमॉसवरही. जुन्या कॅमेऱ्याचे 'फिल्मी' रंग मला खोटे वाटत नाहीत, पण त्याचं श्रेय मी त्या काळच्या रंगजुळणीला आणि समोरून मारलेल्या छोट्या फ्लॅशला देईन.

बांधावरच्या काट्यानं अडवलेली जागाही पुढं मोकळी झाली. सोनीनं २००९ मध्ये सेन्सर उलटा करून वायरिंग प्रकाश टिपणाऱ्या थराच्या मागच्या बाजूला नेलं, म्हणजे काटा जमिनीखाली गेला आणि वर सगळं शेत पिकाला उरलं. मोबाइलच्या बोटभर कॅमेऱ्याला रात्रीचं दिसू लागलं ते मुख्यतः यानंतर.

एक दुखणं मात्र राहिलं. सीमॉस सहसा ओळीमागून ओळ वाचतो. गणपती मिरवणूक महाद्वार रोडवरून पापाच्या तिकटीकडं वळते तेव्हा ट्रॉलीवरच्या एलईडी भिंती सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून पडदा न हलवणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोत काळे आडवे पट्टे येतात. मागच्या वर्षी अर्धा तास काढलेले सगळे फोटो मला याच पट्ट्यांपायी टाकून द्यावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीनं ए९ थ्री जाहीर केला. सगळे पिक्सल एकाच क्षणी टिपणारा तो पहिला फुल फ्रेम कॅमेरा, आणि फ्लॅशलाही त्यात शटरची अडचण नाही. डी७० चा जो गुण मी अजून आठवतो, तो सीमॉसमध्ये यायला जवळपास वीस वर्षं गेली.

त्या पोरानं कॅमेरा घेतला. मी त्याला एवढंच सांगितलं की दिवसा उजेडी रंकाळ्यावर वापर, आणि बाजारातलं नवं मोठं कार्ड याला चालायचं नाही, दोन जीबीचं जुनं साधं एसडी कार्ड शोध. दुकानदारानं ड्रॉवर उपसून एक काढून दिलं. त्यात कुणाच्या तरी बारशाचे फोटो अजून तसेच होते.