सिंगल फेजवर थ्री फेज मोटार: ड्राइव्ह घेण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडा

जुनी लेथ, ड्रिल किंवा कांडप यंत्र चांगल्या भावात मिळतं. घरी आणल्यावर लक्षात येतं की मोटार थ्री फेजची आहे आणि शेडमध्ये वीज सिंगल फेज. मग आम्हाला फोन येतो, "दोन एचपीचा ड्राइव्ह केवढ्याला?" ड्राइव्ह म्हणजे सिंगल फेज विजेवर थ्री फेज मोटार चालवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. भाव सांगण्याआधी आम्ही दोन फोटो मागतो: एक नेमप्लेटचा, दुसरा टर्मिनल बॉक्सच्या आतला. काही ग्राहकांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण हे फोटो न पाहता घेतलेले ड्राइव्ह "खराब आहे" म्हणून परत येतात, आणि तपासल्यावर बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत निघतो.

चूक जोडणीत असते. सिंगल फेजचा साधा ड्राइव्ह २३० व्होल्ट घेतो आणि तीन फेज तयार करून देतो, पण त्या फेजमधलं व्होल्टेजही २३०च असतं. आपल्याकडच्या ३ एचपीपर्यंतच्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. ती मोटार तशीच ड्राइव्हला लावली की रिकामी छान फिरते, त्यामुळे सगळं जमलं असं वाटतं. लेथवर कट घेतला किंवा कांडपात मिरची टाकली की मोटार बसते. व्होल्टेज जवळजवळ निम्म्यावर आलं की पूर्ण स्पीडला मोटारीची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. मोटार करंट ओढते, तापते, ड्राइव्ह ट्रिप होतो. कोणी ट्रिपची सेटिंग वाढवून तशीच चालवली, तर वायंडिंग जळतं.

उपाय म्हणजे तीच मोटार डेल्टात, म्हणजे तिन्ही वायंडिंग त्रिकोणासारखी टोकाला टोक लावून, जोडणे. स्टारमध्ये चालणाऱ्या ४१५ व्होल्टच्या मोटारीला डेल्टात २३० व्होल्ट बरोबर बसतात आणि ताकद पूर्ण मिळते. बॉक्समध्ये सहा टर्मिनल असतील तर काम पाच मिनिटांचं: तीन टोकं आडवी एकत्र जोडणाऱ्या पट्ट्या काढून समोरासमोरच्या जोड्यांवर तीन उभ्या पट्ट्या लावायच्या. तीनच वायरी बाहेर आलेल्या असतील तर स्टारचा जोड वायंडिंगमध्ये आत बांधलेला असतो. तो सोडवून सहा वायरी बाहेर काढण्याचं काम आमच्याकडे होतं. वायंडिंग फार जुनं आणि ठिसूळ झालं असेल तर त्याला हात लावण्यापेक्षा रिवायंडिंग बरं, आणि मोटार उघडल्यावर आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

डेल्टात करंट १.७३ पट होतो. नेमप्लेटवर स्टारचे ३.५ अँपिअर असतील तर ड्राइव्हच्या मोटार करंटच्या सेटिंगमध्ये ६ भरा, आणि ड्राइव्हही त्याच आकड्यावर निवडा. कांडप, गिरणी यांसारख्या जड लोडला आम्ही एक साइझ मोठा ड्राइव्ह सुचवतो.

५ एचपी आणि त्यापुढच्या मोटारी बहुतेक ४१५ व्होल्टला आधीच डेल्टात असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. त्यांच्यासाठी आम्ही ड्राइव्ह विकण्याऐवजी महावितरणकडून थ्री फेज जोडणी घ्यायला सांगतो. एवढा लोड घरच्या सिंगल फेजवर टाकणं आम्हाला पटत नाही.

"कंडेन्सर लावून भागत नाही का?" भागतं, पण अर्धवट. कंडेन्सरचा मेळ एकाच ठरावीक लोडला बसतो. लोड बदलला की तिन्ही वायंडिंगमधला करंट असमान होतो. सुरुवातीची ताकदही कमी पडते. पंखा, ब्लोअर अशा हलक्या सुरुवातीच्या कामाला ठीक, कांडपाला नाही.

ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा स्विच ठेवू नका. चालू असताना तो बंद-चालू केला की ड्राइव्हला धक्का बसतो. चालू-बंद बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्या. मेनची वायर यू, व्ही, डब्ल्यूवर (ड्राइव्हची मोटारीकडे जाणारी टर्मिनल) चुकूनही लावू नका. ड्राइव्ह तिथेच जातो आणि ही चूक कोणत्याही वॉरंटीत बसत नाही. मोटार उलटी फिरली तर मेन बंद करा, ड्राइव्हचा डिस्प्ले विझून काही मिनिटं जाऊ द्या आणि यू, व्ही, डब्ल्यूपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. अर्थिंग हवंच. फार कमी स्पीडवर तासन्‌तास चालवू नका, कारण मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि तोही मंदावतो.

आमच्याकडून ड्राइव्ह घेतल्यास डेल्टा जोडणी आणि ड्राइव्हचं सेटिंग दुकानातच करून देतो. मोटार आणताना पुली काढून आणा आणि यंत्रावर नेमकं काय काम करता तेही सांगा.