कणकुंबीचं छप्पर, अथणीचं माळवद

मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून ईशान्येला निघावं, खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी मागे टाकावं आणि अथणी गाठावी. तोवर हाच पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर आलेला असतो. सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटरही नाही. जिल्हा तोच, बेळगावचा; पाहुण्या-रावळ्यांचे संबंध तेच, सोपा-माजघर-परसू ही घराची मांडणीही बरीचशी तीच. पाऊस मात्र पाच-सहा पटीने बदलतो, आणि त्याच्याबरोबर घराचं डोकं बदलतं. पश्चिमेला उताराची कौलारू छपरं, पूर्वेला सपाट मातीची माळवदं.

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ही निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळा आहे. इथे वास्तुशास्त्र म्हणजे आर्किटेक्चर. दिशा आणि दोष सांगणारं शास्त्र नव्हे. पाच वर्षांच्या बी.आर्क. अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजून काढाव्या लागतात, शेवटच्या टप्प्यावर प्रबंध लिहावा लागतो. बेळगावातच वास्तुकलेचं शिक्षण मिळतं, 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच आहे. तरीही या अभ्यासाकडे आपण ‘मुलांचं प्रोजेक्ट’ म्हणून बघतो. मला तसं वाटत नाही. नीट प्रश्न विचारून केलेलं मोजमाप हे विज्ञानच असतं, मग ते कुणीही केलेलं असो.

माळवदाचंच घ्या. तुळयांवर आडव्या लाकडांची दाट फळी, तिच्यावर काटक्या-पाला आणि वर थरावर थर बडवलेली माती. मातीची जाडी एक फूट धरली तर दर चौरस मीटरला कोरड्या मातीचंच वजन साडेचारशे-पावणेपाचशे किलो होतं. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर साडेचार टनांच्या आसपास भार. मंगळुरी कौलं मात्र चौरस मीटरला पंधराएक लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास. म्हणजे चाळीस किलोही नाहीत. दहा-बारा पटींचा हा फरक घराच्या सांगाड्यात उतरतो. तुळईचा पल्ला दुप्पट केला तर तिच्यावरचा वाकवणारा ताण चौपट होतो आणि तीच तुळई सोळापट वाकते. म्हणून माळवदाच्या घरात खांब जवळजवळ येतात, खण म्हणजे दोन खांबांमधले गाळे लहान होतात. आपले आजे घराची मोठाई खणांत सांगायचे, ती मोजणी लाकडाच्या या मर्यादेतून आलेली आहे.

जड छपराचे आणि जाड भिंतींचे गुण उन्हाळ्यात कळतात. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात, आणि पोहोचते तेव्हा ती पार मंदावलेली असते. अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात ही मोठी सोय. पण त्याच वजनाचा दोषही तेवढाच खरा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर आल्यामुळे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात मातीच्या घरांची दाणादाण उडाली, कारण पाण्यात भिजलेली कच्ची माती आपली ताकद गमावते. जुनं ते सोनं म्हणून आरती ओवाळणारा अभ्यास मला पटत नाही. जुन्या घराचं वजनही मांडायला हवं आणि त्याचा धोकाही.

आता वाड्याच्या चौकाकडे येऊ, कारण इथे मोजमापाची खरी गंमत आहे. ‘चौकामुळे घर थंड राहतं’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधात सापडेल. ते तपासायला तापमापक लागण्याआधी कागद-पेन्सिलही पुरते. बेळगावचं अक्षांश 15.9 अंशांच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. 21 जूनला तो माथ्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 51 अंशांवर थांबतो.

समजा बेळगावच्या शहापुरातल्या एखाद्या वाड्याचा चौक चार मीटर लांब-रुंद आहे आणि भोवतीच्या भिंतीही चार मीटर उंच आहेत. डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेकडच्या भिंतीची सावली सव्वातीन मीटर लांब पडते, म्हणजे फरशीचा मोठा भाग सावलीत आणि ऊन फक्त उत्तरेच्या कडेला. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच चौकात बारा-साडेबाराला सावलीच नाही. अख्खी फरशी तापते. थोडक्यात, थंडीत ऊन हवं तेव्हा ते कमी आणि उन्हाळ्यात नको तेव्हा भरपूर. मग थंडावा कुठून येतो?

उत्तर रात्रीत आहे. निरभ्र आकाशाखाली चौकाची फरशी आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी आकाशाकडे सोडत राहते, तिच्यालगतची हवा गार होते आणि जड असल्याने खाली चौकातच साचून राहते. जाड भिंतीही रात्रभर निवतात. सकाळी ही गारवा धरून ठेवलेली भिंत-फरशी दहा-अकरापर्यंत घराला सांभाळते. त्यापुढे चौकावर ताडपत्री किंवा मांडव घातला, फरशीवर पाणी शिंपडलं, तरच दुपार सुसह्य होते. म्हणजे थंडावा चौकाच्या आकारात जितका आहे तितकाच घरातल्या बायामाणसांच्या रोजच्या वागण्यात आहे. वाड्याची नुसती नक्कल करून काचेच्या छपराचा चौक बांधला तर ना रात्रीची उष्णता बाहेर जाते, ना दुपारचं ऊन अडतं. असे बंगले आता टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत दिसतात, आणि त्यात राहणारे लोक उन्हाळ्यात पंखे-एसीच्या आधाराने दिवस काढतात.

हे सगळं एखादी विद्यार्थिनी आठवड्याभरात पडताळू शकते. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं आता महाग राहिलेली नाहीत. एक गल्लीत, एक चौकात, एक माजघरात, एक माडीवर. सगळी सावलीत, एकाच उंचीवर, दर पंधरा मिनिटांनी नोंद. त्यात एक काळजी घ्यायची. आपल्या अंगाला जो उकाडा जाणवतो तो केवळ हवेचा नसतो, तापलेल्या भिंती-छपरांतून येणाऱ्या किरणांचाही असतो. त्यासाठी काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात तापमापक ठेवतात. संशोधक यासाठी टेबल टेनिसचा चेंडूसुद्धा काळा रंगवून वापरतात. साध्या तापमापकाचा आकडा आणि या गोळ्यातला आकडा यांतला फरक म्हणजे भिंती तुम्हाला किती भाजतायत त्याचा हिशेब. पत्र्याच्या छपराखाली हे करून बघावं, म्हणजे कळेल की ‘पक्कं घर’ कुणाला म्हणायचं हा प्रश्न किती गंभीर आहे.

पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे प्रश्नच बदलतात. तिथे पाणी बाहेर घालवणं हे पहिलं काम. मोठ्या उताराची पाखी आणि भिंतीपासून लांब नेलेल्या पागोळ्या तिथे दिसतात. छपरावरची कौलं हा तर इतिहासाचा पुरावाच असतो. बासेल मिशनने मंगळूरला 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि मग रेल्वे आणि जहाजांनी ती कौलं सगळीकडे पोहोचली. अशा कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. खानापूर तालुकाही मातीकामासाठी आणि कौलांसाठी ओळखला जातो. छप्पर उतरवताना कौल उलटं करून ठशाचा फोटो काढला तरी ते छप्पर कुठल्या काळानंतरचं, याचा अंदाज बांधता येतो. खालची भिंत त्याहून कितीतरी जुनी असू शकते. मंगळुरी कौलांआधी कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं किंवा गवत होतं, आणि प्रत्येकाला लागणारा उतार वेगळा, त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर जुन्या उताराच्या खुणा राहून जातात.

तिथल्या भिंतींतला जांभा हा आणखी एक मोठा विषय. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात लोक हा दगड कापताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. उष्ण, भरपूर पावसाच्या प्रदेशात खडकातली सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर हजारो-लाखो वर्षं धुऊन जातात. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरतात. ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं की त्यालाच बॉक्साइट म्हणतात, आणि बेळगावला ॲल्युमिना कारखाना आला तो याच भूगर्भामुळे. खाणीतून ताजा काढलेला जांभा ओलसर आणि मऊ असतो, चिरे हत्याराने सहज पडतात. हवेत सुकला की त्यातली लोहाची संयुगं पाणी सोडून स्फटिकरूप होतात आणि चिरा कडक बनतो.

मात्र तो सच्छिद्र राहतो आणि जमिनीतलं पाणी वर ओढतो. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा असायचा. तो ओलावा बाहेर सोडतो. दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की पाणी आत कोंडतं, क्षार फुटतात, दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. भिंतीत नेमकं किती पाणी आहे हे कळायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. थोडा नमुना वजन करायचा, 105 अंशांवर भट्टीत पूर्ण सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीचे नमुने घेतले की ओल किती वर चढते याचा आलेख मिळतो. असा एक आलेख घरमालकाला दाखवला तर गिलावा कसला करावा याचा निर्णय बदलू शकतो.

इतिहासाच्या बाजूनेही आपला भाग गरीब नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली, त्याचा मंत्री बिचिराज याने 1204 च्या सुमारास उभारलेली. छताला लोंबणारं दगडी कमळ बघायला लोक जातात. अभ्यासकाने खांबही बघावेत. कल्याणी चालुक्यांच्या काळात या प्रदेशातल्या शिल्पकारांनी वालुकाश्म सोडून हिरवट-काळसर, मऊ शिस्ट दगड घेतला. तो खाणीतून काढताना नरम, त्यामुळे खांब चरकावर फिरवून घडवता आले. गोल, चकचकीत कडांचे ते खांब या दगडाशिवाय शक्य नव्हते. शैली बदलली असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे कित्येकदा दगड बदललेला असतो. याच 1204 सालचे बेळगावचे दोन शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खानापूर तालुक्यात हलशीला, म्हणजे कदंब राजांच्या पलाशिकेत, भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर तोंड केलेले दोन गाभारे आहेत. कृष्णाकाठी खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप 48 खांबांवर उभा आणि मध्ये आभाळाला उघडा. या सगळ्यावर काम करायचं तर ताम्रपटांचं संस्कृत, शिलालेखांचं हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, आणि घराघरांतल्या कागदांची मोडी, तिन्ही लागतात. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला कन्नड आणि मराठी दोन्ही कानावर पडलेल्या असतात. दुसरीकडच्या अभ्यासकाला हे भांडवल सहजी मिळत नाही, आणि आपण ते वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

शहर वाचण्याच्या पद्धतीही आता शिकवल्या जातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी मांडलेली ‘स्पेस सिंटॅक्स’ ही पद्धत रस्त्यांच्या जाळ्याकडे गणिताने बघते: कुठल्या रस्त्यावरून बाकी सगळ्या रस्त्यांवर कमीत कमी वळणांनी जाता येतं? तिथे वर्दळ जास्त असेल असा अंदाज निघतो, आणि मग उभं राहून माणसं मोजून तो तपासायचा. बेळगाव यासाठी उत्तम आहे. किल्ल्याजवळच्या जुन्या पेठेच्या गल्ल्या, 1818 नंतर इंग्रजांनी आखलेला कॅम्प म्हणजे लष्करी छावणी, आणि सांगलीच्या पटवर्धनांकडे असलेलं शहापूर, अशी वेगवेगळ्या राज्यांत वाढलेली तीन शहरं एकमेकांना चिकटली आहेत. खडेबाजार आणि गणपत गल्लीची गर्दी दुकानांमुळे आहे, की दुकानं तिथे आली ती रस्त्याच्या जागेमुळे?

शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र तर या अभ्यासाला सोन्यासारखी. उंच देखावे अरुंद गल्लीतून वळवताना प्रत्येक कोपऱ्याची मोजणी होते, माडीचे सज्जे आणि कट्टे प्रेक्षागृह होतात. रस्तारुंदीत कट्टे गेले की बसायची जागा जाते, एवढंच आपण बोलतो. रुंदीकरणाआधी आणि नंतर तासागणिक किती माणसं गल्लीत थांबतात, बसतात, बोलतात, याची मोजणी कुणी करून ठेवली तर तो पुरावा होईल. बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. अशा कामांच्या आधीची नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?

मोजणीचं एक साधं तत्त्व सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. खोलीच्या चार बाजू मोजल्या तरी तिचा आकार ठरत नाही. त्याच चार लांब्यांची खोली तिरकी होऊ शकते. एक कर्ण मोजला की ती दोन त्रिकोणांत पक्की होते, दुसरा मोजला की चूक पकडता येते. जुन्या घरात काटकोन क्वचितच असतो, म्हणून टेप, ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन कर्णच मोजत जायचं. हल्ली शेकडो फोटोंवरून संगणक त्रिमितीय प्रतिकृती करतो, लेसर स्कॅनर त्याहून झपाट्याने काम करतो, पण प्रमाण तपासायला एक तरी टेपने घेतलेलं माप लागतंच.

हे नकाशे पुढे कुठे जातात? वास्तुकला विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धांमध्ये दस्तऐवजीकरणासाठी स्वतंत्र बक्षीस असतं, त्यानिमित्ताने काही उत्तम कामं होतात. बहुतेक प्रबंध मात्र इंग्रजीत लिहिले जातात आणि कपाटात राहतात. ज्या घरात मुलांनी चहा घेतला, माळ्यावर चढून तुळया मोजल्या, त्या घरी निकाल पोहोचत नाही. दोन पानांचा मराठी किंवा कन्नड सारांश आणि नकाशाची एक प्रत घरमालकाला द्यायला जास्त खर्च येत नाही. वाटणी होते तेव्हा चौकात भिंत येते आणि वारा-उजेड दोघा भावांचा जातो. त्या वेळी सगळ्यांसमोर पसरायला मापाचा नकाशा असेल, तर जिना कुणाकडे आणि उजेड कुठून यावर निदान आकड्यांनी बोलता येईल.